हरभऱ्यातली नाव

गणपती गेले की चार-आठ दिवसांत ती बातमी येतेच. धरण भरलं. पेपरात पहिल्या पानावर काठोकाठ नाथसागराचा फोटो, आणि रविवारी अर्धं संभाजीनगर पैठणच्या रस्त्याला. ज्यांच्या नळाला आठवड्यातून एकदा करंगळीएवढी धार येते, ती माणसं एवढं पाणी एका जागी बघून बावरतात. कुणी हात जोडतं. कुणी अर्धं खाल्लेलं मक्याचं कणीस तसंच हातात धरून उभं राहतं.

माझे मात्र कान तापतात. धरण भरल्याचं ऐकलं की आधी डावा, मग उजवा. डॉक्टरांना दाखवून झालं. कानाला काही झालेलं नाही म्हणाले. मला ते माहीत होतं. ती लाज आहे. दरवर्षी पाण्याबरोबर चढते आणि पाणी उतरलं तरी उतरत नाही, एवढाच तिच्यात आणि धरणात फरक.

या मोसमाला एक वास असतो. वाळत घातलेल्या बाजरीच्या कणसांचा, तरोट्याचा, काठाला लागलेल्या शेवाळाचा. दुपार कलली की पाण्यावरून वारा सुटतो आणि बाभळीच्या शेंगा खुळखुळतात. असल्याच एका मोसमात, मराठवाड्यात जन्म घेऊन, पोहता येत नसताना, मी शिडाची नाव विकत घेतली. लोक घर घेताना फसतात, जमीन घेताना फसतात, नवरा-नवरी बघताना फसतात. नाव घेताना फसणारा आमच्या पंचक्रोशीत मी एकटाच. त्याबद्दल सत्कार व्हायला हवा होता.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडं, रात्री जमिनीकडून समुद्राकडं. ज्या पोरांना समुद्र दाखवायचा तर रात्रभर एसटीत बसवावं लागेल, त्यांच्याकडून मी हे पाठ करून घ्यायचो. मग एकदा शिक्षकांची सहल कोकणात गेली आणि एका खाडीत मला कुणीतरी शिडाच्या छोट्या नावेत बसवलं. इंजिन नाही, वल्हं नाही. एक डोलकाठी, एक शीड, एक दोरी. दोरी जरा ओढली की नाव कुशीवर व्हायची आणि पाण्यातून सळसळ असा आवाज यायचा, नवीन लुगड्याची घडी मोडावी तसा. अर्धा तास बसलो असेन. परत आलो तो खलाशी होऊन. शिक्षकांच्या खोलीत मी डब्यातली पोळी हातात धरून वाऱ्याच्या दिशा दाखवू लागलो. लोक डबे घेऊन लांब बसू लागले.

घरी सुमनला सांगितलं. सुमन म्हणजे माझी बायको. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि जुडीवरून नजर न काढता म्हणाली, "घ्यायचीच असली तर दोघांचीच घ्या. तिसरं माणूस मावायला नको."

"म्हणजे?"

"म्हणजे तिसरं माणूस मावायला नको."

यात न समजण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तेव्हा मुकुंदवाडीला राहायचो, रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ. आमचं गाव लासूर स्टेशनच्या बाजूला. त्यामुळं गावाकडून दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, परीक्षेसाठी निघालेलं प्रत्येक माणूस सकाळच्या पॅसेंजरनं उतरायचं आणि थेट आमच्या चहाला हजर व्हायचं. दोन खोल्या, आणि बाहेर कायम कुणाच्या तरी चपला. लग्नानंतर आम्ही वेरूळ बघायला गेलो, तेही आई, दोन मावश्या आणि गुडघे दुखतात म्हणून कैलास लेण्याच्या पायऱ्यांवरच बसून राहिलेले एक काका यांच्यासकट. आमचा दोघांचा म्हणून जो फोटो आहे, त्यात डाव्या बाजूला एक कोपर आहे. ते कुणाचं, यावर घरात अजून एकमत नाही.

तर सुमनला पाण्याची हौस नव्हती. तिला एक अशी जागा हवी होती, जिथं आम्ही दोघं बसलो की दार लावावं लागणार नाही आणि कुणाला वाटेत येताच येणार नाही. ती तिला नावेत दिसली. मला नावेत फक्त नाव दिसत होती.

कशी नाव घ्यावी हे मला पक्कं माहीत होतं. माझी चूक अज्ञानाची असती तर आज कान इतके तापले नसते. मी पुस्तकं मागवून वाचली होती. नवशिक्यानं, नुसतं हौसेसाठी फिरायचं असेल तर, लहान नाव घ्यावी. शीड एकच असावं, दोऱ्या कमीत कमी. उथळ पाण्यात अडकू नये म्हणून खालची फळी वर ओढून घेता यावी. कलंडली तर परत सरळ करता यावी. आणि मुख्य म्हणजे हलकी असावी, दोघांनी दोन टोकं धरून पाण्यात नेता यावी. हे सगळं मी सुमनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, पुस्तकातसुद्धा दोघंच लिहिलंय."

पुण्याजवळच्या एका धरणावर एक माणूस जुन्या नावा विकतो असं कळलं. निघायच्या आदल्या दिवशी पॅसेंजरनं दादा आला. दादा माझा थोरला भाऊ, शेती बघायचा. "आरं, येवढी मोठी वस्तू घ्यायची आन घरातलं मोठं माणूस संगं नगं व्हय?" दादानं आयुष्यात नाव पाहिली नव्हती, पण बैल पाहिले होते. लासूरच्या बाजारात दादा ज्या बैलावर हात ठेवायचा त्याचा भाव तिथल्या तिथं चढायचा. आमच्या घरात गाय, सून, पंप आणि कपाट यातलं काहीही दादानं बघितल्याशिवाय आलेलं नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर बोलत नाही. हे थोरले दीर, म्हणजे भासरे, आले की डोक्यावर पदर, आणि बोलायचंच झालं तर भिंतीशी. "म्हणावं, चहा टाकू का?" असं सुमन भिंतीला विचारायची. "सांग, साखर कमी," असं दादा दुसऱ्या भिंतीला सांगायचा. यात कुणाचा राग नव्हता, आकस नव्हता. दादा तिचं मनापासून कौतुक करायचा, तेसुद्धा भिंतीपाशीच. आमच्या घरच्या भिंतींनी दोघांचे इतके निरोप पोचवलेत की त्यांना पगार द्यायला हवा होता.

म्हणजे पुण्याला जाताना जीपमध्ये मागच्या सीटवर, पदर कपाळापर्यंत ओढून बसलेली सुमन काही बोलणार नव्हती. तिचं जे काही होतं, ते मला बोलायचं होतं. एवढं एकच काम माझ्याकडं होतं.

काठावर दोन नावा शेजारी शेजारी ठेवलेल्या. एक लहान, फायबरची, पिवळट पांढरी, भाकरी थापायच्या काठवटीसारखी सपाट. एक डोलकाठी, एक शीड, मधे खाली सरकवायची एक फळी. विकणाऱ्यानं तिचं टोक उचलून दाखवलं. "दोघांची आहे," म्हणाला. "तिसरा बसला तर बुडणार नाही, पण चालणारही नाही."

सुमननं पुढं होऊन त्या नावेच्या काठावर हात ठेवला. काठावर बांगड्या टेकल्याचा बारीक आवाज झाला. बस, तेवढंच. माझ्याकडं बघितलं आणि हात तिथंच ठेवला.

दादानंही ती नाव एका हातानं उचलून बघितली. "आरं बाळ्या, हिच्यात तर वजनच नाय. नाव हाय का सूप? उद्या वाऱ्यानं उचलून नेली तर तुमाला दोघांला मी कुठं हुडकू?" मग तो दुसरीकडं वळला. ती सागवानी होती. लांब, रुंद, दोन शिडांची, बसायला आडव्या फळ्या, काळी कुळकुळीत. दादा तिच्याभोवती फिरला. कुशीवर थाप मारली. बोटाच्या पेरांनी वाजवून बघितली. खाली वाकून पोट बघितलं. दात बघायचे तेवढे राहिले. दोन्ही हात लावून उचलायला गेला तर टोक हललंसुद्धा नाही. दादाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आजही विसरलो नाही. "ह्याला म्हनत्यात माल."

आमच्या लोकांचं वजनावर प्रेम आहे. भांडं घेताना आम्ही आधी हातावर तोलतो. पलंग घ्यायचा तर चार माणसांना घाम फुटायला हवा. लोखंडी कपाट असं हवं की एकदा ठेवलं ते ठेवलं, घर बदललं तर कपाट नव्या मालकाला. हलकं म्हणजे फसवणूक. जी वस्तू सहज उचलता येते ती सहज जाते, असं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या हातांना शिकवलेलं. दादाच्या हातांचा यात काही दोष नव्हता.

दोष माझ्या तोंडाचा. मला एकच वाक्य बोलायचं होतं, दादा, आम्हाला ही लहान पाहिजे. सुमनचा हात तिथं आहे हे मला दिसत होतं. ती माझ्याकडं बघत होती हेही दिसत होतं. पण विकणारा उभा, जीपवाला उभा, आणि दादा विचारणार, का रे? मग काय सांगायचं? तिला हवीय म्हणून? बायकोच्या ओंजळीनं पाणी पितोय असं दादाला वाटलं तर? मी घसा साफ केला आणि म्हणालो, "दादा म्हणतो ते बरोबर आहे. वजन पाहिजे. आपल्याकडचा वारा फार लहरी असतो." वर पाच मिनिटं भूगोलही सांगितला.

बांगड्यांचा आवाज पुन्हा झाला. हात उचलल्याचा.

नाव ट्रकनं आली. दादानं चाकाखाली ठेवतात तसं लिंबू कुठं ठेवावं याचा बराच विचार केला आणि शेवटी सुकाणूला बांधलं. नारळ तिच्या नाकावरच फोडला. नारळाचे तुकडे झाले, नाव हलली नाही. "बघ," दादा म्हणाला. "ती दुसरी असती तर नारळाच्या जागी तीच फुटली असती." यावर सगळे हसले. मीही हसलो. मीच जास्त हसलो.

गंगापूरच्या बाजूला, धरणाचं मागं पसरलेलं पाणी जिथं रानात शिरतं तिथं, एका बाभळीला साखळीनं ती बांधली. आणि मग कळलं की ही नाव पाण्यात ढकलायला आठ माणसं लागतात. आणि ज्यानं खांदा लावला तो काठावर थोडाच थांबतो? आठ जणांनी ढकलायची आणि आठही जणांनी चढायचं. दादा, दादाचे साडू, जीपवाला, वाटेत भेटलेला कुणी तलाठ्याचा मेहुणा. नाव इतकी भरायची की वाऱ्याला तिच्याशी काय करावं समजायचं नाही. दोन्ही शिडं फुगायची आणि आम्ही होतो तिथंच. एकदा वारा अचानक फिरला, शिडाखालची आडवी दांडी सर्रकन या बाजूची त्या बाजूला आली आणि दादाची टोपी घेऊन गेली. टोपी पाण्यावर आमच्यापेक्षा वेगानं निघाली. सगळे ओरडले, "मास्तर, टोपीच्या मागं घ्या!" मला नाव टोपीच्या मागं घेता आली नाही. टोपी पैठणला पोचली असेल.

सुमन प्रत्येक वेळी आली. अगदी पुढं, टोकाला बसायची, आमच्याकडं पाठ करून, पदर डोक्यावर. आठ-दहा माणसांच्या गलक्यात ती एकटीच पाण्याकडं बघत असायची. मागून मला पदराचं एक टोक फडफडताना दिसायचं. सबंध मोसमात वाऱ्यानं मनापासून हलवलं ते तेवढंच.

दिवाळी झाली. गावाकडं कापूस वेचणी, ज्वारीची राखण. माणसं मिळेनात. कालव्याला पाणी सोडलं आणि धरण उतरायला लागलं. भरलेलं धरण सगळ्यांना माहीत असतं, उतरणाऱ्या धरणाकडं कुणी बघत नाही. रोज हातभर, दोन हात, काठ मागं सरकतो. मागं राहतो तो काळा, मऊ, लोण्यासारखा गाळ. ज्यांची रानं धरणात गेली, ती माणसं या गाळाची वाटच बघत असतात. पाणी जसं मागं जाईल तसं ती पेरत जातात, पाण्याच्या पाठोपाठ. याला गाळपेर म्हणतात. हे मी मुलांना कधी शिकवलं नव्हतं, आमच्या पुस्तकात नव्हतं.

आमची नाव होती तिथल्या पट्ट्यात कौसाबाई पेरायची. घरची मेंढरं, आणि जमीन होती ती पाण्याखाली. मी महिन्यानं नाव बघायला गेलो तेव्हा पाणी लांब गेलेलं, नाव गाळात एका कुशीवर रुतलेली, आणि तिच्या चारी बाजूंनी हरभऱ्याची कोवळी हिरवी रोपं.

"मास्तर, तुमची म्हस लई दिस बसलीय," कौसाबाई म्हणाली. "उठंना व्हय?"

"उठवू की. माणसं आणतो."

"आणा, पन हरभरा निघाल्यावर. तवर बसू द्या. खाती-पिती तर काय नाय बिचारी."

मी मान डोलावली. शहरात परत आलो आणि क्रांती चौकात गावाकडचं एक माणूस भेटलं, त्याच्याबरोबर दादाला निरोप धाडला, संक्रांतीनंतरच्या रविवारी बैल आणि गडी घेऊन ये, नाव पाण्यापर्यंत ओढायची आहे, नुसता गाळ आहे, काही अडचण नाही. कौसाबाईला काय कबूल केलं होतं ते मला आठवत होतं. पण शाळेत सगळे विचारायचे, काय मास्तर, नाव कुठपर्यंत आली? त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं. दादाचं उत्तर आलं नाही. त्याला वेळ नसेल असं मी धरलं आणि सुमनला म्हणालो, "रविवारी चल, आपण दोघंच जाऊ."

ती लगेच हो म्हणाली नाही. "दोघंच?"

"दोघंच."

एसटीनं फाट्यावर उतरलो आणि चालत गेलो. हरभरा घाट्यावर आलेला. रोपांना हात लागला की बोटांना पानांवरची आंबट आंब लागायची. कौसाबाईनं सुमनला हात देऊन नावेत चढवलं, वर ओंजळभर हिरव्या डहाळ्या दिल्या आणि मेंढरांकडं निघून गेली. मी उन्हाला आडोसा म्हणून शीड अर्धं वर ओढलं. वाऱ्यानं ते फुगलं. खाली पाणी नव्हतं, हरभरा होता, आणि वारा सुटला की तो हरभरासुद्धा लाटांसारखा एका बाजूनं झुकायचा.

सुमननं पदर खांद्यावर घेतला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी फडक्यातून सोडली. आणि बोलायला लागली. काय बोलली? काहीच नाही. बहिणीची साडी, शेजारणीचं शिवणयंत्र, लहानपणी ती विहिरीत डोकावून स्वतःला हाक मारायची ते. मधेच म्हणाली, "तुमचे ते मतलई वारे इथं येतात का हो?" मी म्हटलं नाही. तर इतकी हसली की हातातल्या डहाळ्या सांडल्या. तिला असं मोकळं हसताना मी घरात पाहिलं नव्हतं. घरात कायम कुणीतरी असायचं.

आणि मग घुंगरांचा आवाज आला.

मला तो ऐकू येण्याआधी तिचा पदर डोक्यावर गेला होता. बांधावरून दादा येत होता, दोन बैलजोड्या, चार गडी, खांद्यावर नाडे. तिनं माझ्याकडं बघितलं. मी निरोप धाडला होता हे तिला त्या एका क्षणात समजलं. मी डहाळी सोलू लागलो.

"बाळ्या!" दादा लांबूनच ओरडला. "आरं हितं तर हरभरा हाय! तू तर म्हनला व्हतास नुस्ता गाळ हाय!"

आता तरी बोलायचं की नाही? एवढी माणसं आलीयत, बैल आलेत, रिकाम्या हातानं परत कसं धाडायचं, या पेचात मी नावेतूनच म्हणालो, "कडेकडेनं नेऊ, दादा. थोडा तुडवला जाईल..."

कौसाबाई मेंढरं सोडून धावत आली होती. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "थोडा म्हंजी कुणाचा थोडा, मास्तर?"

एका बैलानं मान हलवली तेवढे घुंगरू वाजले. दादा माझ्याकडं बघत होता, गडी दादाकडं बघत होते, आणि मी शिडाकडं बघत होतो, जणू या प्रश्नाचं उत्तर तेच देणार आहे.

सुमन उठून उभी राहिली. नाव गाळात रुतलेली, त्यामुळं डोललीसुद्धा नाही. पदर डोक्यावर होता. पण तोंड भिंतीकडं नव्हतं, तिथं भिंतच नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "बैल माघारी न्या. आम्ही दोघं बसलोय इथं."

इतक्या वर्षांत तिनं दादाला मारलेली ही पहिली हाक. आवाज चढा नव्हता. दादानं तिच्याकडं बघितलं नाही. हातातला नाडा गुंडाळला, सावकाश, पीळ सरळ करत. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "बाईमाणसाला बोलायची पाळी आणलीस व्हय रे?"

मी हातातली डहाळी खाली ठेवली.

"तिथं पुण्यालाच सांगायचं व्हतंस. मी आपली बैल बघावा तशी बघितली. मला काय ठावं, नाव कशापायी पायजे तुमाला."

त्यानं बैल वळवले. एवढ्या अरुंद बांधावर दोन जोड्या वळवल्या, पण एक रोप मोडू दिलं नाही. चार पावलं गेला, थांबला, आणि मागं न बघता म्हणाला, "बसा. ऊन उतरल्यावर निघा."

आम्ही बसलो. ऊन उतरेपर्यंत बसलो. सुमननं पदर परत खांद्यावर घेतला. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "मी मघाशी काय सांगत होते, आता आठवंना."

तेवढ्यावर मोसम संपला. पुण्याच्या त्या माणसाला मी फोन लावला, पण लहान नाव विकली गेली होती. उन्हानं सागवानी नावेच्या फळ्यांमधे भेगा पडल्या. हरभरा निघाल्यावर कौसाबाईच्या घरच्यांनी पंधरा-वीस माणसं लावून ती वर माळावर ओढली आणि आत कोकरं ठेवायला लागले. लांडग्याला चढता येत नाही, वाऱ्यानं उडत नाही. दादाचा अंदाज चुकलेला नव्हता, जनावर तेवढं चुकलं. मी एकदा भेटायला गेलो तर कौसाबाई म्हणाली, "मास्तर, म्हस गाभण निघाली. बघा किती प्वारं झाली तिला."

भिंतींची नोकरी मात्र त्या दिवशी गेली. पुढच्या खेपेला दादा आला तेव्हा सुमननं चहा त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "साखर बघा बरं." दादा म्हणाला, "ब्येस." वहिनी गेल्यावर आम्ही त्याला कायमचंच इकडं आणलं. आता गॅलरीत सकाळपासून दोघांच्या गप्पा चालतात. कुणाच्या विहिरीला पाणी किती, कुणाची सून कशी, माझं लहानपणी काय काय चुकलं. मी खुर्ची ओढून बसलो की दोघं गप्प होतात. मला काही सांगायचं असलं तर सुमन हवेत बघून म्हणते, "म्हणावं, गॅस संपलाय." माझ्या वाट्याला आता भिंत आली आहे. हिशेब बरोबर आहे.

मोबाइलवर मी अजून लहान नावांचे फोटो बघत असतो. ओळखीतले लोक गंमत म्हणून विचारतात, मास्तर, आम्हाला नाव घ्यायचीय, कशी घ्यावी? मी गंभीरपणे सांगतो. हलकी घ्या. शीड एक. दोरी एक. आणि आधी कोण बसणार ते ठरवा, मग नाव बघा. ते हसतात. मीही हसतो, आणि कान चाचपून बघतो.

यंदा धरण भरल्याची बातमी दादानं मोठ्यानं वाचून दाखवली. मग पेपर खाली ठेवून सुमनला म्हणाला, "चितेगावकडं कुणाच्या शेतावर एक लहान नाव पडून हाय म्हनं. पोरगं परदेशात ऱ्हायलं, इकायचीय." हे त्याला कुठून कळलं, मी विचारलं नाही. रविवारी तिघं गाडीत बसून गेलो. शेताच्या फाटकाशी गाडी उभी केली. दादा उतरला नाही.

"मी हितंच बसतो. तुमी दोघं बघून या."

नाव गोठ्याच्या पडवीत होती. पिवळट पांढरी, सपाट, एका डोलकाठीची. वर कोंबड्यांनी घाण केलेली. सुमननं पदरानं एक जागा पुसली आणि काठावर हात ठेवला. बांगड्या वाजल्या. या वेळी मी डोळे चुकवले नाहीत. म्हणालो, "ही?"

"आधी उचलून तर बघा."

मी एक टोक धरलं. ती दुसऱ्या टोकाला गेली, वाकायला लागली आणि मधेच गुडघ्यावर हात ठेवून थांबली. पुन्हा वाकली. पुन्हा थांबली. माझं टोक वर होतं, तिचं जमिनीला टेकलेलं. तिला जेव्हा उचलता येत होती तो मोसम मी दादाच्या हातावर तोलून टाकला होता. हे मला त्या तिरप्या नावेकडं बघताना इतकं स्वच्छ दिसलं की दोन्ही कान एकदम तापले.

सुमननं गाडीकडं तोंड करून हाक मारली, "दादा, या हो जरा. माझ्या बाजूनं धरा."

दादा काठी टेकत आला. काठी सुमनच्या हातात दिली, वाकला आणि टोक धरलं. नाव उचलली गेली. खालून एक पाल पळाली.

"नाय," दादा म्हणाला. "वजन काईच नाय हिच्यात."

पुढं काय म्हणतो म्हणून मी थांबलो. त्यानं नाव अलगद खाली ठेवली, हात झटकले, काठी घेतली. आला तसा परत गेला, गाडीत बसला, दार ओढून घेतलं आणि त्याच्या बाजूची काच वर केली.